काडेपेटी फाटकावर

देहूरोडच्या माणसाला धोक्याची ओळख लहानपणीच होते. लष्कराचा दारूगोळा डेपो, आयुध भांडार, १९८४ मध्ये उभी राहिलेली ऑर्डनन्स फॅक्टरी आणि या सगळ्यांभोवतीची काटेरी तारांची लांबच लांब कुंपणं, यांच्या मधल्या जागेत आमचं गाव वसलं आहे. माझे वडील डेपोत कामाला होते. आत जाताना काडेपेटी, विडी, लायटर सगळं फाटकावर ठेवायचं, हा तिथला पहिला नेम. इतक्या दारूगोळ्यात तुम्हाला भीती नाही का वाटत, असं मी एकदा त्यांना विचारलं. "काडेपेटी फाटकावर ठेवली की झालं," ते म्हणाले. मी लगेच म्हटलं, "आणि दुसऱ्या कोणी ठेवली नसेल तर?"

"म्हणून तर झडती असते."

देहूरोडहून मावळ ओलांडायचा, खंडाळ्याचा घाट उतरायचा आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जायचं, असं मी आणि माझ्या निगडीच्या मैत्रिणीने ठरवलं, तेव्हा वडिलांचं हे बोलणं मनात घोळत होतं. दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: कशाला जिवावर उदार होताय? आम्ही उदार झालोच नव्हतो. दिवाळीनंतरचे दिवस निवडले होते, कारण पाऊस सरलेला असतो, सकाळी गारवा असतो आणि उजेड लवकर मावळत असला तरी आकाश स्वच्छ असतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नकाशा पसरून आम्ही बऱ्याच संध्याकाळी घालवल्या. त्यात काय मोडेल, कोण धडकेल, शरीर कुठे थकेल आणि अंधार कुठे गाठेल, असे चार प्रश्न होते. पहिल्याला उत्तर सोपं होतं: दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, ब्रेकचे नवे पॅड, चेनची जादा कडी. तिसऱ्याला ओआरएसची पाकिटं आणि दुपारची सक्तीची विश्रांती. चौथ्यासाठी आम्ही एक नेम केला, की सूर्य बुडायच्या आत मुक्कामाचं दार गाठायचं, मग त्या दिवसाचं अंतर पुरं होवो न होवो. दोन बायकांनी रस्त्यावर अंधारात असण्याचा धोका पुरुषांच्या धोक्यापेक्षा वेगळा असतो, आणि तो वेगळा मोजावा लागतो. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र आमची पेन्सिल थांबायची.

पहाटे बाजारातून निघालो. देहूरोडचा बाजार मावळातल्या इतर गावांसारखा नाही. छावणीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली आणि इथलीच झाली. एकाच गल्लीत तमिळ, तेलुगू, पंजाबी, नेपाळी, मराठी कानावर पडते, आणि उजाडायच्या आत इडलीच्या भांड्याची वाफ रस्त्यावर येते. इडलीवाल्या अण्णांनी आमच्या सायकलींवरच्या पिशव्या पाहिल्या, पैसे घेतले आणि सुटे परत देताना म्हणाले, "अक्का, घाटात ब्रेक बघून." पुढे बुद्धविहाराशी मैत्रीण दोन मिनिटं थांबली. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बसवली, धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. मैत्रिणीचे आजोबा त्या दिवशी त्या गर्दीत होते, चालत आलेले.

चालत येण्याची, चालत जाण्याची या रस्त्याला सवय आहे. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की इथूनच निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केलेली ही रीत. वारकरी सगळं पांडुरंगावर सोडून निघतो असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. मी दिंड्या जवळून पाहत वाढले. दिंडीबरोबर पाण्याचा टँकर असतो, शिध्याचा ट्रक असतो, तंबू ठोकणारी माणसं आधी पुढे गेलेली असतात, औषधांची पेटी असते, आणि कोणत्या मुक्कामाला किती पानं उठणार याचा हिशेब दिंडीच्या चालकाला तोंडपाठ असतो. एवढं सगळं करून झाल्यावर जे उरतं, ते विठ्ठलावर सोडायचं. माझ्या मते लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने हा क्रम वारकऱ्यांकडून शिकावा. आधी टँकर, मग विठ्ठल.

गावाच्या कडेला किवळ्यापाशी द्रुतगती मार्गाचं तोंड लागतं. तिथे सायकलला, दुचाकीला, रिक्षाला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे जे काही हळू चालतं किंवा टोल टाळतं, ते सगळं जुन्या महामार्गावर येतं: ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो, कारखान्यांच्या बसगाड्या, विटांचे ट्रक, आणि आम्ही. सोमाटण्यापर्यंत घोरावडेश्वराचा डोंगर धुक्यात होता. आमच्या मागच्या दिव्यांची लाल लुकलुक आणि अंगावरची चमकत्या पट्ट्यांची जाकिटं, एवढाच आमचा पुरावा, की या रस्त्यावर आम्हीही आहोत. पुण्यात ब्रेव्हे घेणारी मंडळी, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे चाळीस तासांत स्वतःच्या बळावर पुरे करणारी मंडळी, असे दिवे आणि जाकीट नसेल तर स्वाराला रात्री रस्त्यावर येऊच देत नाहीत. ही त्यांची झडती. मला ती फार आवडते.

पण ती सायकलवाल्याची झडती. ट्रकवाल्याची कोण घेणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी नवी मुंबईत पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवत होते. जगभरच्या संगणकांमध्ये बसलेल्या चिपांच्या रचनेत ज्यांचा हात होता, असा माणूस. सराईत सायकलस्वार, बरोबर सोबती. मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि ते गेले. त्यांच्या नियोजनात काय कमी होतं? मला काही सापडत नाही. म्हणून, सायकलवाल्यांनीच काळजी घ्यावी, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. जो धोका मी पत्करते तो माझा. चेन तुटणं, उन्हाने चक्कर येणं, उतारावर खडीवरून घसरणं, या सगळ्याला मी राजी आहे. रात्रभर न झोपलेल्या चालकाच्या हातात पंधरा टनांची गाडी देणाऱ्याने माझ्यावर लादलेला धोका मी पत्करलेला नाही. तो मी फक्त सहन करते आहे, आणि या दोन्हींची गल्लत होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तळेगाव मागे टाकल्यावर ऊन आलं. सगळे ट्रक सारखे नसतात, हेही सांगायला हवं. जड गाडीचा जुना चालक मागून येताना लांबूनच एक छोटा हॉर्न देतो. घाबरवणारा नसतो तो, मी आलोय एवढंच सांगतो. मग तो पुरेशी जागा सोडून पुढे जातो आणि पुढे गेल्यावरही लगेच डावीकडे येत नाही. असा कोणी गेला की मैत्रीण हात वर करायची, आणि खिडकीतून एक हात तसाच वर व्हायचा. धोका आम्हाला चारचाकी मोटारींचा जास्त वाटला. त्यांना हॉर्न देण्याचं भान नव्हतं आणि जागा सोडण्याचंही.

वडगाव मावळला चहा घेतला. जानेवारी १७७९ मध्ये इथेच इंग्रजांच्या मुंबईच्या फौजेला महादजी शिंद्यांनी शरण आणलं. ही फौज बोरघाट चढून आली होती. सैनिक चार हजारांच्या आत, आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल. या ओझ्यामुळे ती इतकी सावकाश सरकत होती, की मराठ्यांना तिच्यापुढची पिकं जाळायला, विहिरी निकामी करायला आणि तिला चहूकडून घेरायला हवा तेवढा वेळ मिळाला. मी हे वाचलं तेव्हा सायकलच्या पिशवीतून तिसरी साडी आणि जाड पुस्तक बाहेर काढलं होतं. प्रत्येक भीतीसाठी एकेक वस्तू बरोबर घ्यायची म्हटली, तर सायकल चढावर हलत नाही, आणि न हलणाऱ्या माणसाला रस्त्यावर जास्त तास काढावे लागतात, म्हणजे जास्त धोका. त्याच फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ झाडावर चढून मराठ्यांचा तळ न्याहाळत असताना गोळा लागून पडला. त्याच्या धाडसाला दाद देऊन मराठ्यांनीच त्याला इष्टुर फाकडा म्हटलं, आणि वडगावात पोलीस ठाण्याच्या आवारात त्याच्या थडग्याला आजही लोक मानतात. शत्रूच्या शौर्याचीही आठवण ठेवणारी ही माती मला आवडते. पण त्या झाडावर मी चढले नसते.

याच्या उलट टोकाला मुंबईचे सहा पारशी तरुण आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईला परत आले. एकाहत्तर हजार किलोमीटर, इराण आणि इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, ब्रह्मदेश. तेव्हा मोबाइल नव्हता, बऱ्याच मुलखांचे धड नकाशेही नव्हते. सायकलवर जेवढं मावेल तेवढंच घेतलेलं. सहांपैकी तिघे वाटेतच वेगळे झाले, हीही त्या मोहिमेची गोष्ट आहे आणि ती कमीपणाची नाही.

कामशेतच्या अलीकडे रस्ता सोडून आम्ही एका खळ्यावर थांबलो. मावळात भात कापणी चालू होती. इथला इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये बाहेर आला. शिजताना घरभर वास सुटतो आणि भात थोडा चिकट होतो. पेंढ्या झोडपणाऱ्या बायकांनी आम्हाला सावलीला बसवलं. आमच्या देहूरोडला अनोळखी माणसाला आधी ओळखपत्र विचारायची रीत, छावणीची सवय. इथे आधी पाणी, मग गूळ, मग प्रश्न.

"कुठवर जायाचं?"

"गोव्याला, मावशी."

"सायकलीव? अन् मालक कुठंयत?"

"घरी."

त्या बाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुमच्यामागं कोन येतंय?" हा प्रश्न मला वाटेत पुन्हा पुन्हा भेटला, पण इतका सरळ दुसरीकडे कोणी विचारला नाही. मी तिला पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली. विशीतली मुलगी, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली आणि १५९ दिवसांत एकोणतीस हजार किलोमीटर कापून आली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, रशियात बर्फात तंबू ठोकून रात्री काढल्या. मागे कोणी नव्हतं. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तिच्या आईचं काळीज मोठं." मैत्रीण माझ्याकडे पाहून काही बोलली नाही. ती स्वतः आई आहे, आणि तिची मुलगी तेव्हा परदेशात एकटी राहत होती. धोका पत्करणारा एकटा नसतो. घरी बसून फोनकडे पाहणारं माणूसही त्यात ओढलं जातं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. आम्ही रोज संध्याकाळी मुक्कामावरून घरी फोन करायचो, तो या हिशेबातला.

कार्ला फाट्याला एकवीरेच्या वाटेवर कोळी-आगरी मंडळींची गर्दी होती. पायथ्याशी एका म्हाताऱ्या कोळिणीने सायकल दाबून पाहिली, चाकावर हळद-कुंकू लावलं आणि "सांभालून जा गो" म्हणाली. समुद्रावरची माणसं इथे डोंगरात देवीला येतात, आम्ही डोंगरातल्या बायका समुद्राकडे निघालेलो. वर लेण्यात गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात ते सगळ्यांत उत्तम आहे असं दगडात कोरून ठेवलं. खांब देणाऱ्यांत यवन आहेत, व्यापारी आहेत. कोकणातल्या बंदरांतून बैलांचे तांडे बोरघाट चढून देशावर यायचे, आणि अशा लेण्यांच्या आसऱ्याला थांबायचे. वाटेत लुटारू, जनावर, पाऊस. त्या व्यापाऱ्यांनी आपल्या नफ्यातला वाटा पुढच्या वाटसरूच्या निवाऱ्याला दिला. कमान, खांब आणि हत्ती पाहायला लोक येतात, मलाही ते आवडतात. पण मला तिथे जास्त भावला तो भिक्षूंच्या कोठड्यांतला दगडी ओटा. एका माणसाला पाठ टेकायला पुरेल एवढा.

लोणावळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही. सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चिक्कीच्या दुकानांसमोर उलट्यासुलट्या लागलेल्या गाड्या आणि एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने गाडी वळवणारी माणसं. मावळातल्या खळ्यावरची माणसं स्वतःच्या गावात होती. लोणावळ्यात आलेल्या कुणालाच हे गाव आपलं वाटत नाही, आणि रस्ता आपला न मानणारा माणूस रस्त्यावर कसाही वागतो. त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. दुपारी घाट उतरायचा म्हटला असता तर उतरता आला असता, पण शनिवार होता. रविवारी पहाटे शहर झोपलेलं असतं.

मुक्कामी मैत्रिणीने दोन्ही सायकलींचे ब्रेक खोलले. पॅड घासून पाहिले, तारेचा ताण पाहिला. ती बँकेतून निवृत्त झाली आहे आणि ताळा जुळेपर्यंत उठत नाही. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता जवळजवळ पाचशे मीटर खाली जातो.

घाटाचं नियोजन कसं करतात हे पाहायचं असेल, तर रेल्वेकडे पाहावं. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. चढ सदतिसास एक. तो बांधताना पटकीने, तापाने, सुरुंगाने हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठे नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट हातात घेऊन काम पुरं केलं. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी रेल्वेने जी सोय ठेवली ती अजून चालू आहे. उताराच्या मधे मुख्य मार्गाला एक फाटा फुटतो, जो वर चढत जाऊन संपतो. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी पूर्ण थांबली, तिचे ब्रेक लागतात हे सिद्ध झालं, तरच सांधा बदलून तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप चढाच्या फाट्यावर जाऊन थांबते. म्हणजे ब्रेक निकामी होणार हे आधीच मान्य केलेलं आहे. विश्वास ठेवायला हरकत नाही, पण तो गाडीने दर वेळी नव्याने मिळवायचा. मला रेल्वेची ही रीत मनुष्यस्वभावाला फार समजून घेणारी वाटते.

पहाटे खंडाळ्याहून निघालो. दरीत ढग भरलेले, राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले त्यावर तरंगत होते. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात गाडीरस्ता झाला, त्याच वर्षीचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. पुलाखालची वाट अरुंद होती आणि वळणावर अपघात व्हायचे. पूल पाडला याचं मला वाईट वाटत नाही. नव्वद पिढ्यांचा वारसा असता तरी माणसाच्या जिवापुढे मी तो पाडा म्हटलं असतं.

उतार सुरू होण्याआधी आम्ही सायकली उभ्या केल्या, दोन्ही ब्रेक दाबून पुढे-मागे ढकलून पाहिल्या. आमचा सांधा. मग एकीच्या मागे दुसरी, मध्ये भरपूर अंतर. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. पुढचा आणि मागचा ब्रेक आलटून पालटून, कारण सतत दाबून ठेवला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. बघणाऱ्याला वाटतं सायकलने अगदी कडेला चिकटून जावं. घाटात आम्ही कडेला गेलो नाही. कडेला खडी असते, मोरीच्या झाकणाची फट असते, आणि कडेला असलेल्या सायकलला वळणावरच ओलांडायचा मोह मागच्या गाडीला होतो. आम्ही आमच्या पट्ट्याच्या मध्यावर राहिलो आणि सरळ तुकडा आला की बाजूला होऊन हाताने मागच्याला पुढे जा म्हटलं. मागे आलेल्या एका टेम्पोने दोन वळणं शांतपणे आमच्यामागे काढली.

शिंगरोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली शिंगरोबा धनगराने, आणि वाट सापडल्यावर त्यालाच मारलं, अशी इथली कथा. ट्रकवाले चालत्या गाडीतून नाणं टाकतात. थांबून पाया पडणारेही आहेत. मी रिमला बोट लावलं. कोमट होती.

खालून मुंबईचे सायकलवाले घाट चढत होते, दात ओठ खाऊन, घामाने भिजलेले. मुंबई-पुणे शर्यतीत हा चढ सगळ्यांत आधी पार करणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, आणि कित्येक मुलं त्या एका किताबासाठी वर्षभर इथे येऊन चढतात. त्यांच्यातला एकजण श्वास घेत थांबला. "काकू, कुठपर्यंत?" गोवा म्हटल्यावर त्याने आमच्या पिशव्या पाहिल्या. "एवढंच सामान?" मग स्वतःच्या पाठीवरच्या पिशवीतून खजुराचं पाकीट काढून दिलं. शर्यतीच्या मुलांची ही रीत मला ठाऊक आहे. एकमेकांना हरवायला निघालेले असतात, पण रस्त्यावर कुणाची चेन तुटली तर आधी उतरतात.

खोपोलीत हवा बदलली. दमट, जड, आंब्याच्या पानांचा वास. वडापाव खाल्ला आणि पालीच्या रस्त्याला लागलो. या बाजूला माणसं हळू बोलतात आणि रस्ता सांगताना घाई करत नाहीत. देशावर "हे काय, जवळच" म्हणतील. इथे "दोन चढ आहेत, दुसरा मोठा, मग पिंपळ" असं सांगतात आणि ते तसंच निघतं. पालीत बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन एका घरी राहिलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. मला ज्वारीच्या भाकरीची सवय, पण त्या पांढऱ्या, पापुद्रा सुटलेल्या भाकरीपुढे माझी सवय टिकली नाही. सरसगड खिडकीतून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी वाकणला मुंबई-गोवा महामार्गावर आलो आणि दहा मिनिटांत मैत्रीण थांबली. चौपदरीकरणाचं वर्षानुवर्षं रेंगाळलेलं काम, एका बाजूला उखडलेला रस्ता, धुळीत पुढचं वाहन दिसेना, आणि कडेला पाय ठेवायलाही जागा नाही. "हा आपला धोका नाही," ती म्हणाली. तिचं तेवढं एक वाक्य मला पुरलं. भाजीचे रिकामे क्रेट घेऊन माणगावकडे निघालेल्या टेम्पोला हात केला. चालक तरुण होता. "ताई, सायकलवर निघालात आणि टेम्पोत बसताय?" मी म्हटलं, "दादा, तुझ्या टेम्पोला पुढे दिवे आहेत आणि मागे बंपर आहे. मला दोन्ही नाहीत." त्याने सायकली नीट बांधल्या, खाली पोत्याची घडी घातली आणि माणगावपर्यंत स्वतःच्या रात्रपाळ्यांबद्दल बोलत राहिला. मालक झोपू देत नाही, खेप चुकली की पैसे कापतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ज्या गाड्यांची मला भीती वाटते त्यांच्यात बसलेल्या माणसावरही हा धोका लादलेलाच आहे.

काही सायकलस्वार असं वाहनात बसणं कमीपणाचं मानतात. पूर्ण वाट सायकलनेच झाली पाहिजे, नाहीतर प्रवास खोटा. मला हे पटत नाही. कुणाच्या नोंदवहीत किलोमीटर भरायला आम्ही निघालो नव्हतो.

माणगावहून मोर्बा, साई, मग घोणसे घाट. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, गाड्या कमी. म्हसळ्यापुढे खाडीचा वास आला. हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. देवळामागे खडकांतल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी खडकात जाळी कोरलेली, फार देखणी जागा. आणि फार फसवी. भरतीला त्या वाटेवर पाणी चढतं, लाट वळसा घालून मागून येते, आणि इथे माणसं वाहून गेली आहेत. तसा फलक लावलेला आहे.

पायऱ्यांच्या तोंडाशी पूजेचं सामान विकणारे एक आजोबा बसले होते. पुण्याकडची चार-पाच मुलं खाली निघाली होती. "पाणी अजून लांब आहे, आजोबा," त्यांच्यातला एक म्हणाला.

"आज पंचमी," आजोबा म्हणाले. "तिथीची पाऊणपट कर. किती झाले?"

मुलगा गोंधळला. मैत्रिणीने लगेच सांगितलं, "पावणेचार."

"पावणेचारला भरती पुरी. म्हणजे आत्ता पाणी वर येतंय. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाला. भरती पुरी झाल्यापासून सहा तासांनी ओहोटी. आता नाही जायचं."

मुलांना मोबाइलवर तपासावंसं वाटलं. तपासलं, आणि ती परत फिरून चहाच्या टपरीकडे गेली. आजोबांनी फुलांवर पाणी शिंपडलं. मी त्यांना विचारलं, की रोज किती जणांना परत पाठवता? ते म्हणाले, "ऐकतात ते ऐकतात." कोकणातल्या कोळ्याची होडी पावसाळ्यात बाहेर पडत नाही, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच पडते, आणि त्याबद्दल त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. समुद्राची झडती घेता येत नाही. तो कधी आत येऊ देतो आणि कधी नाही, एवढं मात्र तिथीवरून कळतं.

रात्री जेवताना आम्ही दुसऱ्या दिवसाचा हिशेब मांडला. षष्ठी, म्हणजे भरती पहाटे साडेचारला आणि ओहोटी साडेदहाला. प्रदक्षिणा सोडवत नव्हती. पण ती करून बागमांडल्याची फेरीबोट गाठली, तर सावित्री ओलांडेपर्यंत दुपार होणार, आणि आंजर्ल्याला पोहोचायच्या आत अंधार पडणार. मैत्रिणीने कागदावरचं आंजर्लं खोडून केळशी लिहिलं. मी तिथल्या घरगुती खानावळीला फोन लावून दोन पानं सांगितली, आणि आम्ही दिवस मावळायच्या आत येतो म्हटलं.